हात बदलण्याचे धाडस

बासरीविषयी लिहू लागले की आपल्याकडे आधी कृष्ण येतो, आणि त्याच्या छायेत वादकाच्या पोटापाण्याचा प्रश्न हरवून जातो. देवाच्या ओठी शोभणाऱ्या या वाद्याला रागसंगीताच्या मैफलीत मानाचे आसन मिळाले ते फार उशिरा, विसाव्या शतकात. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरीची लांबी सुमारे ३२ इंचांपर्यंत नेली. तिला खर्जाचे गांभीर्य आले आणि ख्यालाचा विस्तार पेलू लागला. याच पन्नालालांना चरितार्थासाठी आधी कलकत्त्याच्या व मग मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काम करावे लागले, ही गोष्ट मात्र आपण तळटीपेत ढकलतो.

हरिप्रसाद चौरसिया यांची उमेदवारीची वर्षे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जन्म १९३८, अलाहाबाद. वडील पहिलवान, मुलाने आखाडा सांभाळावा ही त्यांची इच्छा. मुलगा चोरून गाणे शिकला, मग भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी. १९५७ साली, विशीही पुरी झाली नसताना, त्यांना कटकच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरी लागली. संस्थाने विलीन होऊन दरबारी आश्रय नुकताच संपला होता. त्याची जागा ज्या थोड्या संस्थांनी घेतली त्यांत आकाशवाणी प्रमुख होती. घराण्यांच्या वंशावळी लिहिणाऱ्या आमच्या अभ्यासकांनी आकाशवाणीची पगारपत्रकेही एकदा चाळायला हवीत, असे आम्हांस नेहमी वाटते. महिन्याचे वेतन आणि रोजचे वाजवणे, या दोन्ही गोष्टी त्या तरुणाला एकाच दाराने मिळाल्या.

पुढे मुंबईला बदली झाली, आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंचे दार उघडले. इथे ही कहाणी सुखान्त होऊ शकली असती. परंतु याच काळात ते अन्नपूर्णादेवींकडे गेले. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्या या कन्येने जाहीर मैफली सोडलेल्या होत्या. तालीम चाले ती घरीच, निवडक शिष्यांपुरती. त्यांनी आरंभी नकारच दिला. शिकलेले सारे विसरून नव्याने आरंभ करण्याची आपली तयारी आहे हे पटवण्यासाठी चौरसियांनी बासरी उजव्या बाजूची डाव्या बाजूला घेतली.

ही घटना आता गुरुभक्तीची आख्यायिका म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यातला व्यवहार अधिक अस्वस्थ करतो. ज्याची भाकरी बोटांच्या सवयीवर अवलंबून आहे, त्याने ती सवयच मोडायची! सहा छिद्रांच्या या वाद्यात कोमल स्वर नि मींड अर्धवट झाकलेल्या छिद्रातून काढावी लागते. तिथे बोटाचा केसभर अंदाज चुकला तरी स्वर ढळतो.

बासरी न वाजवणाऱ्या गुरूने बासरीवादकाला काय दिले, हा प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनाही रोचक वाटावा, कारण तो भाषांतराचाच प्रश्न आहे. अन्नपूर्णादेवींचे वाद्य सुरबहार. पण त्या शिकवीत गाऊन. आलाप, जोड, झाला ही तंतुवाद्यांची रीत. जोडातली लय तारेवरच्या आघाताने उभी राहते, आणि फुंकेला आघात कुठला? तो जिभेच्या हलक्या ठोक्याने आणि श्वासाच्या तुकड्यांनी घडवावा लागतो. चौरसियांच्या वादनात जोड-झाल्याला जे ठसठशीत स्थान आहे, त्याचे मूळ आम्हांस या भाषांतरात दिसते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने, शिवकुमार शर्मा व ब्रिजभूषण काब्रा यांच्यासह, हे नाव घरोघरी नेले. पण ती कहाणी सर्वांना ठाऊक आहे.

शिकवणे पुढे संस्थारूप झाले. रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. मुंबईत २००६ साली आणि भुवनेश्वरला २०१० साली वृंदावन गुरुकुल उभे राहिले. भुवनेश्वरची निवड पाहून आम्हांला शेजारचे कटक आठवते. मुंबईत नित्यानंद हळदीपूर यांनीही पन्नालालांचे शिष्य व जामात देवेंद्र मुर्डेश्वर आणि अन्नपूर्णादेवी अशी दुहेरी तालीम घेतली. आणि तेही आकाशवाणीच्याच नोकरीत होते.