रुमाल, आरसा आणि स्वस्त तबकड्या

माझ्या भाच्याचं रोह्याजवळ धाटावला लहानसं कार्यालय आहे. आसपासच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची हजेरी, पगार आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब तिथे ठेवतात. एके दिवशी तो म्हणाला, “मामू, सर्व्हरची डिस्क भरली. विक्रेत्यानं नव्या यंत्राची किंमत सांगितली, झोपच उडाली!”

मी बी.ए. झालेला कवी, मला सर्व्हरमधलं काय कळणार? पण जागा भरणं ही गोष्ट ओळखीची होती. अब्बा पेणला एका वखारीत कीर्द-खतावणी लिहीत. जुन्या वह्या लाल कापडात बांधून माळ्यावर जात. माळा भरला की नवी फळी ठोकायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही मोडी कागद असेच कापडात बांधलेले, हजारो रुमालांत. साठवणीचं आपलं मापच मुळी रुमाल!

संगणकाचा माळा आला १९५६ साली. आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या फिरत. मावत अवघी ५० लाख अक्षरं, आणि भाडं महिन्याला सुमारे ३,२०० डॉलर. १९८० मध्ये सीगेटनं तेवढीच साठवण एका हातात मावेल अशा डब्यात आणली, १,५०० डॉलरला. तरी मोठ्या कंपन्यांची भिस्त महागड्या तबकड्यांवरच राहिली.

१९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. एका महाग तबकडीऐवजी अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडा आणि थोडी जागा राखून ठेवा. म्हणजे एक बिघडली तरी तिच्यावरचा मजकूर बाकीच्यांवरून पुन्हा उभा करता येईल. हीच ‘रेड’ पद्धत. लहान धंदेवाल्याला परवडणारी साठवण मिळाली ती या विचारामुळे.

भाच्यानंही तोच मार्ग धरला. महागडं यंत्र नाकारून नेटवर्कला जोडायचा साधा डबा घेतला आणि त्यात चार टेराबाइटच्या चार डिस्क बसवल्या. एकीची जागा राखली तर १२ टेराबाइट मिळतात. जोड्या लावून प्रत्येकीचा आरसा ठेवला तर आठच. त्यानं आठ घेतले. कारण पहिल्या प्रकारात एक डिस्क गेल्यावर नवी भरून होईपर्यंत दुसरी गेली, तर सगळंच जातं.

पण महिन्याभरात कारकुनाच्या हातून एका कारखान्याची जुनी हजेरी पुसली गेली. आरशानं ती त्याच क्षणी दुसरीकडेही पुसली! त्यात एका निवृत्त होणाऱ्या कामगाराची अकरा वर्षांची नोंद होती. ती सापडली कागदी हजेरीपटात, माळ्यावर. तो माणूस दोन दिवस दारात बसून होता. आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे आम्ही तेव्हा शिकलो.

आणि पूर? १९८९ च्या जुलैत अंबा नदीनं जांभूळपाडा आणि नागोठण्यात काय केलं, ते आपला जिल्हा विसरलेला नाही. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखानेच बुडाले आणि जगभर डिस्क महागल्या. ज्या डिस्कवर आपण विसंबतो, ती स्वतःही पाण्यापुढे हतबलच.

म्हणून आता दर शनिवारी एक सुटी डिस्क रोह्याहून एस.टी.नं पेणला येते आणि आमच्या घरी वरच्या मजल्यावर राहते. आधीची परत जाते. कुंडलिकेचं पाणी चढलं तरी भोगावतीकाठी, उंचावर, एक प्रत असावी एवढाच हेतू. या सुट्या डिस्कचा खर्च यंत्राच्या मानानं किरकोळ.

डिस्क मी लाल कापडातच बांधतो. भाचा हसतो. हसू दे. त्या रुमालात कुणाच्या तरी अकरा वर्षांची मजुरी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)