फुलामुलांचा कवी आणि मृत्यू

पाठ्यपुस्तकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) 'फुलामुलांचे कवी' म्हणून जपले. पुण्यातील मराठी ख्रिस्ती मंडळी मात्र त्यांना 'उपासना-संगीता'तून, सुखात आणि शोकातही, आळवीत आली आहे.

एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणारा आप्तांच्या लेखी बहुधा जिवंतपणीच मेलेला असे. खरे मरण आले की श्राद्ध नाही, पिंड नाही, भाऊबंदांचा खांदाही नाही. सांत्वनासाठी होती ती पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते. श्रद्धा आपली, पण रडण्याची भाषा परकी.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ही उणीव भरून काढली, असे आम्हांस वाटते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. देहूचा अभंग त्यांनी उपासनेत आणला आणि ख्रिस्ताला 'माउली' म्हटले. या एका संबोधनाने मरण म्हणजे आईकडे परतणे ठरते. वारकऱ्याला पंढरी माहेर वाटते, त्याच भावाने. पूर्वजांच्या शब्दांत शोक करण्याचा तुटलेला हक्क धर्मांतरिताला परत मिळाला.

टिळकांच्या काव्याचे मोल ठरवताना समीक्षकांनी हे सांत्वनही जमेस धरावे, असे आम्ही सुचवितो.