स्लॅश हितगुज: एका फोल्डरची गोष्ट

हा भाग दौंडमधून रेकॉर्ड करतोय, मागे गाडीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

पाकिटावर नुसतं ‘शिरूर’ लिहून पत्र टाकलं तर ते कुठे जाईल? एक शिरूर आपल्या पुणे जिल्ह्यात, बीडमध्ये शिरूर कासार, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. म्हणून आपण तालुका-जिल्हा लिहितो. वेबसाइटचंही तसंच. डोमेन म्हणजे जिल्हा, आणि स्लॅशनंतरचा फोल्डर म्हणजे तालुका. आज अशाच एका फोल्डरचा इतिहास.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी गणेश चतुर्थीला अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू झाली. तिथली गप्पांची जागा म्हणजे ‘हितगुज’, आणि तिचा पत्ता होता मायबोली डॉट कॉम स्लॅश हितगुज.

वेगळं डोमेन का नाही घ्यायचं? १९९६ मध्ये डॉट कॉम नावाला दोन वर्षांचे १०० डॉलर पडायचे. फोल्डर मात्र फुकट. शिवाय चर्चेचं सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये असलं की त्याच्या फाइली बाकीच्या पानांत मिसळत नाहीत. त्या काळातली अशी बरीच सॉफ्टवेअरं पर्ल भाषेत लिहिलेली असायची. डिस्कससारखी काही तर प्रत्येक चर्चेचं सरळ एचटीएमएल पान बनवून ठेवायची. हितगुजच्या जुन्या लिंक बघा: मेसेजेस, मग आकडे, शेवटी डॉट एचटीएमएल. अशा पानाला वाचण्यापुरता डेटाबेस लागत नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी पान उघडतं.

२००८ च्या सुमारास मायबोली ड्रुपलवर गेली. नव्या लेखांचे पत्ते झाले स्लॅश नोड स्लॅश आकडा. खरेदी, जाहिराती, विशेषांक यांना सबडोमेन मिळाली. पण जुनं हितगुज आपल्या फोल्डरात होतं, त्यामुळे त्याला हात न लावता शेजारी नवं उभं करता आलं. जुनी पानं वाचायला राहिली.

हे मला उशिरा कळलं. शिरूरच्या एका छोट्या संस्थेच्या साइटवर मी चर्चेचा विभाग बसवला होता. नंतर नाव आवडलं नाही म्हणून फोल्डरचं नाव बदललं, रीडायरेक्ट लावलाच नाही. डेटा सगळा शाबूत, पण लोकांनी जपून ठेवलेल्या लिंकवर ४०४! एका आजोबांनी मित्राच्या आठवणी तिथे लिहिल्या होत्या. त्यांनी फोन करून विचारलं, “अरे, माझं लिखाण पुसलंस का?” मी त्याच रात्री रीडायरेक्ट लावला.

इथल्या जुन्या रेल्वे कागदांत दौंडचं नाव ‘धोंड’ असं सापडतं. हे ठाऊक नसेल तर १८७८ चा धोंड-मनमाड मार्ग शोधूनही हाती लागणार नाही. रेल्वे जागेवरच आहे, बदललं फक्त नाव.

परदेशात एकट्या पडलेल्या पहिल्या पिढीच्या मराठी गप्पा त्या हितगुजच्या फोल्डरात आहेत. तेव्हा तुमच्यापैकी कोणी साइट हलवत असेल, तर आधी जुन्या पत्त्यांची यादी काढा. डिझाइन नंतर बघू.

भेटूया पुढच्या भागात!