खाजनाचा बांध

गोमंतकातील शेतकरी आपल्या भातजमिनीचे तीन प्रकार मानीत आला आहे : वरकस मोरड, रेताड खेर आणि खाडीकाठची खाजन. पहिल्या दोहोंसारखी शेते इतरत्रही दिसतात. खाजनाची गोष्ट मात्र न्यारी. ती जमीन माणसाने भरतीच्या तोंडून हिरावून घेतलेली आहे.

माती, चिखल व दगड यांचा बांध घालून खारे पाणी अडवावयाचे आणि मध्ये ‘मानस’ ठेवावयाची. तिच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात येथे खारेपण सोसणारे कोरगुट भात पिकते. मानशीच्या मुखाशी जाळे लावण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. म्हणजे एकच दार भातही राखी आणि मासळीही देई!

बांधाची राखण गावकरीकडे, म्हणजे ग्रामसंस्थेकडे असे. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने गावकरीचे रिवाज पोर्तुगीज सनदेत नोंदविले. पण संस्था त्याहून पुष्कळ जुनी.

पुढे १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले व १९७६ च्या दुरुस्तीने त्याला मालकी मिळाली. हे न्याय्यच झाले. परंतु शेत वाटून देता येते, बांध कसा वाटणार? त्याची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली. काहींनी ती निभावली, कित्येकांना झेपली नाही. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी शेतात पसरते आणि ते मीठ धुऊन निघेपर्यंत भात रुजत नाही. अशा कित्येक खाजनांत आता कांदळवन माजले आहे. काहींत कोळंबी पोसली जाते.