नागसेनवनातली लिहिती पिढी

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कारभार उर्दूतून चाले. 1918 मध्ये हैदराबादला निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला वरचे शिक्षण हवे असेल, तर आपली भाषा उंबऱ्यावर ठेवूनच पुढे जावे लागे. सभा भरवायलाही सरकारी परवानगी लागत असे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये पुण्याहून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले. त्यावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. पुढे ते औरंगाबादेत आले आणि अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली दैनिक म्हणून नावारूपाला आले. सरस्वती भुवनसारख्या शाळांनी मराठी जपली. तरीही लेखक होण्याची वाट शिकलेल्या, बहुतांशी वरच्या जातींतल्या घरांतूनच जात होती.

ती वाट रुंद झाली 1950 मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वर्षी इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. परिसराला नाव मिळाले नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू; नव्या विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे, हे या नावांतच सांगितलेले होते. मराठवाड्याच्या वाङ्मयाच्या इतिहासात या महाविद्यालयाइतका खोल परिणाम करणारी संस्था दुसरी दाखवता येणे कठीण.

इथे येणारी अनेक मुले घराण्यात पहिल्यांदाच पाटी धरणारी होती. त्यांच्या अडचणी रोजच्या होत्या. घरी पुस्तक नाही, अभ्यासाला कोपरा नाही, सुटीत गावी गेले की मजुरी. वसतिगृह आणि ग्रंथालय यांनी यातले बरेच भागवले. याहून अवघड अडचण वेगळीच होती. छापील मराठीत जे जग दिसे, त्यात वस्ती नव्हती, येसकराची काठी नव्हती, आईच्या तोंडची भाषा नव्हती. आपले जगणे लिहिण्याजोगे आहे, यावर आधी स्वतःचाच विश्वास बसावा लागत होता.

तो विश्वास नाटकाने दिला, असे म्हणता येईल. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ 1955 मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. या मातीतून पुढे प्रकाश त्रिभुवन यांचे ‘थांबा! रामराज्य येतंय’ आले.

साठच्या दशकात म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. तिकडच्या कृष्णवर्णीय लेखकांनी अपमानाचे साहित्य कसे केले, हे त्यांनी इथल्या तरुणांपुढे मांडले. त्याच महाविद्यालयात गंगाधर पानतावणे मराठी शिकवत होते. 1967 मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. लवकरच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले आणि पानतावणे त्याचे अखेरपर्यंत संपादक राहिले.

अशा नियतकालिकामागे धनवान संस्था नसते. वर्गणीदार जमवायचे, दिवाळी अंकासाठी जाहिराती मिळवायच्या, छापखान्यात खिळे जुळले की प्रुफे तपासायची, अंकांवर पत्ते लिहून ते टपालात टाकायचे, आणि हे सारे नोकरी सांभाळून. मानधनाची आशा लेखकानेही धरू नये, अशीच स्थिती. पण खेड्यातल्या शिक्षकाची किंवा कारकुनाची पहिली कविता मन लावून वाचणारा संपादक तिथे होता. मुंबई-पुण्याच्या मासिकांत परिचय नसलेल्या लिहिणाऱ्याला याचे मोल फार मोठे होते. वामन निंबाळकर, यशवंत मनोहर, अविनाश डोळस अशी अनेक नावे ‘अस्मितादर्श’च्या परिवारात दिसतात.

1969 च्या ‘मराठवाडा’ दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा घडली आणि या लेखनामागची प्रेरणा कोणती, हा प्रश्न उघडपणे मांडला गेला. उत्तर बहुतेकांचे एकच होते: आंबेडकरी विचार. 1974 पासून ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरू लागले. एकट्याने लिहिणाऱ्याला आपल्यासारखे आणखी कितीतरी जण आहेत, हे तिथे प्रत्यक्ष दिसे.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दंगली पेटल्या. गावोगाव दलितांची घरे जळाली. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधली सोळा वर्षे इथल्या लेखकाला रस्त्यावरची चळवळ आणि घरातला कागद अशी दोन्हीकडे हजेरी द्यावी लागली. त्या काळातल्या कवितेचा जळजळीत सूर तिथून आला आहे.

नागसेनवनाबाहेर, पण औरंगाबाद जिल्ह्यातच, अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात, ना. धों. महानोर शेती करत लिहीत होते. त्यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रहही 1967 चाच. शिक्षण सोडून ते शेतीकडे वळले होते. पाऊस, पीक आणि पाणी हाच त्यांचा व्यवसाय होता आणि कवितेचा विषयही. 1978 मध्ये विधान परिषदेवर गेल्यावर तिथेही त्यांनी शेती आणि पाण्याचे प्रश्न मांडले.

पानतावणे पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले. ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. 2009 मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी 27 मार्चला औरंगाबादेत त्यांचे निधन झाले.