यशवंती घोरपड : एका दंतकथेचा उगम

दंतकथा म्हणजे कोणा चतुर माणसानें बुद्धिपुरस्सर रचलेलें असत्य, असा सुशिक्षितांत एक समज आहे. सिंहगडच्या घोरपडीची कथा मुळापर्यंत शोधीत गेल्यास तो समज फारसा टिकत नाहीं.

4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं कोंडाण्याच्या कड्याखालीं पेटाऱ्यांतून यशवंती बाहेर काढली, तिला शेंदूर लावला व कमरेस दोर बांधून सोडली. 27 किल्ले सर करणारी ती घोरपड त्या रात्रीं अर्ध्यावरून परतली. हा अपशकुन न मानतां तानाजींनीं तिला ठार मारण्याचा धाक घातला, तेव्हां ती माथ्यास जाऊन चिकटली आणि मावळे दोरावरून वर गेले. ही कथा आपल्या घरोघरच्या मुलांस ठाऊक आहे.

आतां जुना लेख काय सांगतो तें पाहूं. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस आपली बखर लिहिली, ती या प्रसंगानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं. त्या रात्रींच्या गोष्टी ज्यांनीं प्रत्यक्ष ऐकल्या असतील अशीं माणसें तेव्हां हयात होतीं. सभासदाच्या वृत्तांतांत घोरपड नाहींच. पांचशें लोक गडाखालीं गेले. त्यांतून निवडलेले दोन मावळे वानरांसारखे कडा चढले. त्यांनीं वर माळ लावली. तिच्यावरून तानाजींसह तीनशें माणूस गडावर पोंचलें. हकीकत एवढीच, आणि एवढीच ती पुरेशी अद्भुत आहे.

घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं 1891 सालीं प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळें हा पोवाडा छापील रूपानें घरांत आला. परंतु शाहिरानें ही कल्पना शून्यांतून काढली नाहीं. घोरपडे घराण्यांत अशीच एक आख्यायिका आहे : बहामनी अमदानींत, 1471 च्या सुमारास, खेळणा किल्ला (म्हणजे आजचा विशाळगड) त्यांच्या पूर्वजांनीं घोरपडीला दोर बांधून घेतला व त्यावरून तें नांव पडलें. ती खरी असो वा आडनांवाचा उलगडा म्हणून मागाहून जुळविलेली असो. घोरपडीच्या दोरानें गड घेण्याची कल्पना लोकांच्या तोंडीं होती, आणि मोठा पराक्रम दिसतांच ती त्याला येऊन चिकटली.

तिच्या मुळाशीं निरीक्षणही आहे. कपारींत शिरलेली घोरपड अंग फुगवून अशी घट्ट बसते कीं ओढून निघत नाहीं. रानांत वावरणाऱ्यांनीं हें शेंकडों वेळां पाहिलेलें. पण मोठी घोरपडही शेंपटीसकट पावणेदोन मीटरांच्या आंतबाहेर, वजनानें सातएक किलो. ती नेमकी माथ्यावरच कपार शोधील आणि दोर ओढला जात असतां तेथेंच बसून राहील, याचा भरंवसा कोणत्या सरदारानें धरावा ? शिवाजी महाराजांच्या मोहिमा अशा भरंवशावर चालत नसत.

कथा गोड आहे हें मान्य. पण तिची किंमत कोणी दिली? ज्या दोघांनीं काळोख्या रात्रीं बोटांच्या बळावर तो कडा जोखला, त्यांच्या वाट्याचें श्रेय एका सरपटणाऱ्या प्राण्यास गेलें. सभासदानें त्या दोघांचीं नांवें दिलेलीं नाहींत. पोवाड्यानें घोरपडीला मात्र नांव दिलें, शेंदूर लावला आणि एक अपशकुनही देऊन टाकला. ऐकणाऱ्यास पुढील मृत्यूची चाहूल लागावी म्हणून तो शाहिराला हवाच होता.

गडाच्या नांवाचीही गत हीच. तानाजी पडले म्हणून कोंडाण्याचा सिंहगड झाला, असें आपण समजतों. परंतु सिंहगड हें नांव शिवाजी महाराजांच्या 1663 सालच्या पत्रांत आहे, म्हणजे तानाजींच्या मृत्यूपूर्वीं सात वर्षें आणि पुरंदरच्या तहांत हा गड मोंगलांकडे जाण्याच्याही आधीं. सभासदाच्या बखरींतील महाराजांचा शोकही निराळा आहे. तेथें एक गड हातीं आल्याचें व एक गड गमावल्याचें बोल आहेत. तानाजी हाच तो दुसरा गड. सिंह त्या वाक्यांत मागाहून आला, आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीनें तो मथळ्यावर चढविल्यावर मूळचा शब्द कोणाला आठवेनासा झाला.