'शॅम्पिन्यों' म्हणजे कोणतं मशरूम?

मेनूकार्डवर किंवा डब्यावर 'शॅम्पिन्यों' दिसलं की गोंधळू नका. ते बहुतेक वेळा आपलं पांढरं बटन मशरूमच असतं. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचं मूळ लॅटिन 'कॅम्पस', म्हणजे मोकळं मैदान, शेत. थोडक्यात, 'शेतात उगवणारं'. कॉलेजचा कॅम्पस, चॅम्पियन आणि शॅम्पेनही याच मुळातले!

इंग्रजीत हा शब्द खाण्याच्या मशरूमपुरता उरला. फ्रेंचमध्ये मात्र विषारी भूछत्रही शॅम्पिन्योंच. मराठीत निदान न खाण्याजोग्याला 'कुत्र्याची छत्री' म्हणून वेगळं काढतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेच्या बांधावर पावसात पांढरं छत्र उगवलं, तर शब्दार्थाने तेही शॅम्पिन्योंच. पण म्हणून ते खाण्याचं ठरत नाही. विषारी असेल तर चांदीचं नाणं काळं पडतं, ही समजूत चुकीची आहे. काही विषं शिजवूनही जात नाहीत. त्यांचा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि पुढे यकृत निकामी होऊ शकतं. अनोळखी भूछत्र खाल्लं गेलंच, तर उलटीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. उरलेला तुकडा सोबत न्यावा.